तुमच्या घराचं डीड एकदा उघडून वाचा : अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र

अमेरिकेतल्या सर्व महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणींना,

स. न. वि. वि.

एक मागणं घेऊन हे पत्र लिहिते आहे. वर्षभराच्या कार्यक्रमांत संक्रांत, पाडवा, गणपती, दिवाळी यांच्या जोडीने एक दुपार घराच्या कागदांसाठी राखून ठेवा. त्या दुपारी सभासदांनी आपल्या घराच्या नोंदवलेल्या डीडची, म्हणजे मालकी एकाकडून दुसऱ्याकडे देणाऱ्या दस्ताची, प्रत घेऊन यावं, ती ओळ न् ओळ वाचावी आणि जिथे शंका येईल तिथे खूण करावी. कॉलेजप्रवेश, निवृत्ती, आयकर यांवरची व्याख्यानं आपण ठेवतोच. आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी ज्या दोन-तीन पानांवर उभी असते, त्या पानांबद्दल मात्र आपल्या मंडळांत कुणी बोलताना मी ऐकलेलं नाही.

मी कॅलिफोर्नियात टायटलच्या, म्हणजे मालकीहक्काच्या तपासणीच्या, क्षेत्रात बरीच वर्षं काम केलं. काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) नोंदींत एखाद्या घराची मालकी मागे मागे शोधत जायची आणि साखळी कुठे तुटली आहे का ते पाहायचं, हे माझं रोजचं काम. त्यात आपल्या माणसांचे कागद समोर आले की मी ते जरा जास्तच लक्ष देऊन वाचत असे. घर घेतानाचं डीड बहुतेक वेळा ठीक असायचं, कारण ते टायटल कंपनीने किंवा वकिलाने तयार केलेलं असतं. अडचण असायची ती नंतर घरच्या घरी केलेल्या डीडमध्ये. मुलाचं नाव घातलं, आईचं नाव काढलं, घटस्फोटानंतर सोडून दिलं, ट्रस्टमध्ये टाकलं. इंटरनेटवरून फॉर्म उतरवला, बँकेतल्या नोटरीपुढे सही केली, पाकिटात घालून काउंटीला पाठवला. काही आठवड्यांनी शिक्का मारलेली प्रत परत आली आणि फाइलमध्ये गेली. काम झालं असं वाटलं.

हे असं का वाटतं ते मला कळतं. आपण ज्या पद्धतीत वाढलो तिथे खरेदीखत करायचं म्हणजे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जायचं. देणारा, घेणारा, ओळख पटवणारे, सगळे तिथे हजर. कॅमेऱ्यापुढे फोटो, अंगठ्याचे ठसे, मुद्रांक शुल्क भरल्याचा पुरावा, मग सूची दोनची प्रत. शेतजमीन असेल तर पुढे फेरफार आणि सातबारावर नाव लागेपर्यंत तलाठ्याकडे खेटे. 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे खरेदीखत नोंदवणं सक्तीचं आहे, सही झाल्यापासून चार महिन्यांत ते सादर करावं लागतं, आणि कलम 49 सांगतं की नोंदणी झाली नाही तर त्या दस्ताने मालकी जातच नाही. मूळ मालकीची खातरजमा तिथला निबंधकही करत नाही, ती शोध घेणाऱ्या वकिलाचीच जबाबदारी. पण माणसं समोरासमोर उभी असतात आणि दोन प्रश्न विचारले जातात. त्यामुळे सरकारी शिक्का बसला म्हणजे सगळं तपासून झालं, हा समज आपल्या हाडीमाशी भिनलेला आहे.

अमेरिकेत डीडवर सही करतो तो देणारा. घेणाऱ्याची सही सहसा लागत नाही आणि कार्यालयात तर कुणालाच जावं लागत नाही. रेकॉर्डरच्या, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या काउंटी अधिकाऱ्याच्या, कार्यालयातला कारकून पाहतो ते इतकंच : कागदाचा आकार बरोबर आहे का, पहिल्या पानावर वरची जागा शिक्क्यासाठी मोकळी आहे का, नोटरीचा मजकूर पूर्ण आहे का, कराची घोषणा लिहिली आहे का, शुल्क आलं आहे का. तेवढं जमलं की त्या कागदाला क्रमांक आणि वेळ मिळते, तो स्कॅन होतो आणि सार्वजनिक नोंदीत जातो. आवक नोंदवहीत पत्र चढवावं तसं. देणारा खरोखर मालक होता का, वर्णन त्याच घराचं आहे का, हा दस्त केल्याने तुमचं भलं होतंय की नुकसान, हे पाहणं त्याचं काम नाही आणि कायदेशीर सल्ला द्यायची त्याला मुभाही नाही. चुकीचं डीड तो तितक्याच तत्परतेने नोंदवून देतो.

नोटरीचंही तसंच. भारतात नोटरी बहुधा वकील असतो, म्हणून इथल्या नोटरीने कागद डोळ्यांखालून घातला की आपल्याला धीर येतो. इथला नोटरी फक्त सही करणाऱ्याची ओळख आणि सही यांची साक्ष देतो. कॅलिफोर्नियात तर 2015 पासून प्रत्येक नोटरी प्रमाणपत्राच्या वर चौकटीत तसं स्पष्ट छापावं लागतं : आम्ही ओळख पडताळली आहे, कागदातल्या मजकुराची सत्यता किंवा वैधता नाही. डीड असेल तर नोटरी आपल्या वहीत उजव्या अंगठ्याचा ठसा घेतो. तो ठसा बनावट सहीविरुद्ध कामाला येतो, मजकुरातल्या चुकीविरुद्ध त्याचा काही उपयोग नाही.

शिवाय न नोंदवलेलं डीडही देणारा आणि घेणारा यांच्यात इथे वैध असतं. नोंद करायची ती जगाला सांगण्यासाठी. कॅलिफोर्नियासह बऱ्याच राज्यांत नियम असा की ज्याला आधीच्या व्यवहाराची माहिती नव्हती, ज्याने मोबदला दिला आणि ज्याने आधी नोंद केली, त्याचा हक्क टिकतो. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने 1640 मध्ये नोंदीचा कायदा केला, तेव्हापासूनची ही रीत आहे. म्हणजे खरं काम कागद काउंटीत पोचण्याआधीच होऊन गेलेलं असतं. तो कुणी, कसा आणि काय विचार करून तयार केला, यावर सगळं अवलंबून आहे.

आता मंडळातल्या त्या दुपारी काय वाचायचं ते सांगते.

सगळ्यात आधी नाव. काउंटीची सूची माणसांच्या नावांनी चालते, देणाऱ्यांची एक आणि घेणाऱ्यांची एक. तुम्ही ज्या नावाने घर घेतलं, त्याच नावाने पुढे दिलं तर साखळी जुळते. आपल्या नावांची घडण या सूचीत बसत नाही. मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, ते कधी पूर्ण, कधी एकच अक्षर, कधी गायब. पासपोर्टवर एक स्पेलिंग, ड्रायव्हिंग लायसन्सवर दुसरं. लग्नाआधी घेतलेला कॉन्डो (मालकीचा फ्लॅट) माहेरच्या आडनावाने, नागरिकत्व घेताना बदललेलं नाव तिसरंच. समजा, सुनीता जोशी या नावाने घर घेतलं आणि पुढे सुनीता कुलकर्णी या नावाने ट्रस्टमध्ये दिलं. सूचीच्या दृष्टीने कुलकर्णीबाईंकडे ते घर कधी आलंच नव्हतं. उपाय अगदी साधा आहे. नव्या डीडवर देणाऱ्याच्या नावात ‘सुनीता कुलकर्णी, जिने सुनीता जोशी या नावाने मालकी घेतली’ अशा अर्थाची कायदेशीर शब्दयोजना घालायची. एक ओळ. ती बाई हयात आहे आणि सही करू शकते तोवर ही एक ओळ फुकटात होते. तिच्यामागे मुलांना कोर्टात जाऊन सिद्ध करावं लागतं की या दोन्ही आपल्या आईच होत्या.

नंतर जागेचं वर्णन. घराचा पत्ता म्हणजे कायदेशीर वर्णन नव्हे. कराच्या बिलावरचा पार्सल क्रमांकही नव्हे, तो करनिर्धारकाच्या सोयीसाठी असतो. खरं वर्णन म्हणजे अमुक नकाशातला अमुक लॉट, तो नकाशा अमुक पुस्तकात अमुक पानावर नोंदलेला. जुन्या राज्यांत कोपऱ्यापासून दिशा आणि अंतरं देत गेलेलं लांबलचक वर्णन असतं. कॉन्डो असेल तर युनिट आणि सामाईक जागेतला अविभक्त हिस्सा, दोन्ही लागतात. घरगुती डीड करणारे हे वर्णन कराच्या बिलावरून उतरवतात, आणि बिलावर ते तोडून छापलेलं असतं. कॉन्डोची पार्किंगची जागा वेगळ्या परिच्छेदात असते आणि तो परिच्छेद राहून जातो. मग युनिट ट्रस्टच्या नावावर आणि गाडीची जागा अजून स्वर्गवासी झालेल्या आजोबांच्या नावावर, अशी गत होते. शेवटच्या नोंदवलेल्या डीडवरून वर्णन शब्दशः घ्यावं. स्वल्पविरामही बदलू नये.

तिसरी गोष्ट, नावांच्या पुढे लिहिलेले शब्द. दोघं मालक आहेत इतकं पुरत नाही, कोणत्या नात्याने मालक आहेत ते लिहिलेलं असतं. जॉइंट टेनन्सी असेल तर एकजण गेल्यावर त्याचा हिस्सा आपोआप दुसऱ्याकडे जातो. टेनन्सी इन कॉमन असेल तर तो हिस्सा मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने जातो. भावाभावांनी मिळून घेतलेल्या घरात हा फरक काय करतो याचा विचार करून पाहा : जॉइंट टेनन्सीत थोरला गेला तर त्याच्या बायकोमुलांच्या वाट्याला त्या घरातलं काही येत नाही, मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असो. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड अशा राज्यांत नवराबायकोसाठी टेनन्सी बाय द एन्टायरटी आहे, त्यात एकट्याच्या कर्जासाठी घरावर हात टाकणं धनकोला अवघड जातं. कॅलिफोर्नियात 2001 पासून नवराबायकोला कम्युनिटी प्रॉपर्टी, म्हणजे दोघांची सामाईक मालमत्ता, उत्तरजीवित्वाच्या हक्कासह घेता येते : एक गेला की सगळं दुसऱ्याचं. एक गेल्यावर सबंध घराची करासाठीची मूळ किंमत (विकताना नफा जिच्यावरून मोजतात ती) त्या दिवसाच्या बाजारभावाला येते, जॉइंट टेनन्सीत एरवी अर्ध्याच घराची येते. ही निवड क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पुरी होण्याच्या, दिवशी सह्यांच्या ढिगाऱ्यात अर्ध्या मिनिटात होते. बरेचजण कोणता चौकोन भरला हेही सांगू शकत नाहीत.

आता मायेपोटी केलेल्या डीडबद्दल. हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे.

मुलांना पुढे त्रास नको म्हणून आईबाप हयातीतच घर मुलाच्या नावे करतात किंवा त्याचं नाव आपल्यासोबत घालतात. यामागची भावना मी जाणते. आपल्याकडे वाटण्यांवरून भाऊबंदकी पाहिलेली असते, म्हणून बक्षीसपत्र करून मोकळं व्हावंसं वाटतं. पण इथलं गणित निराळं आहे. समजा, घर 3 लाख डॉलरला घेतलं होतं आणि आज 15 लाखांचं आहे. जिवंतपणी मुलाला दिलं तर करासाठी त्याची मूळ किंमत तुमचीच, म्हणजे 3 लाख धरली जाते. त्याने विकलं की 12 लाखांच्या नफ्यावर कराचा प्रश्न उभा राहतो. तेच घर त्याला तुमच्यामागे वारसाने मिळालं तर मूळ किंमत 15 लाख धरली जाते. जे डीड प्रेमाने केलं, तेच मुलाच्या खिशातून लाखो डॉलरच्या नफ्यावरचा कर काढू शकतं. वर त्या घरावर आता त्याच्या धनकोंचा आणि त्याच्या घटस्फोटाचाही संबंध येऊ शकतो. आणि नाव घालायला तुमची सही पुरली, तरी काढायला त्याची सही लागते.

कॅलिफोर्नियात याच्यावर आणखी एक थर आहे. मतदारांनी 1978 मध्ये मंजूर केलेल्या प्रपोझिशन 13 मुळे घराचं करमूल्य (ज्यावर मालमत्ता कर बसतो ते) वर्षाला जास्तीत जास्त 2 टक्के वाढतं, मालकी बदलली की मात्र ते नव्याने ठरतं. पूर्वी आईवडिलांकडून मुलांकडे जाणाऱ्या घराला मोठी सवलत होती. प्रपोझिशन 19 नंतर, म्हणजे 16 फेब्रुवारी 2021 पासून, मूल त्या घरात स्वतः राहायला आलं तरच ती मिळते, आणि तीही मर्यादेत. मूल सिअ‍ॅटलला नोकरी करतंय आणि सनीव्हेलचं घर त्याच्या नावे केलं, तर दुसऱ्याच वर्षीचं कराचं बिल पाहून कुटुंब हादरतं.

उलट दिशेचंही सांगते. भारतातल्या आईवडिलांनी पैसे दिले म्हणून किंवा आदराने त्यांची नावं डीडवर घातली जातात. इथे न राहणाऱ्या आणि इथले नागरिक नसलेल्या माणसाच्या नावावरच्या अमेरिकेतल्या मालमत्तेला फेडरल इस्टेट टॅक्समधून (मृत्यूनंतर मालमत्तेवर बसणाऱ्या केंद्रीय करातून) जेमतेम 60,000 डॉलरची सूट आहे. नागरिकांची सूट कोटीच्या पुढे आहे, ती त्यांना लागू नाही. पती-पत्नींपैकी एकजण नागरिक नसेल तरी नियम बदलतात : नागरिक जोडीदाराला कितीही दिलं तरी गिफ्ट टॅक्स नाही, नागरिक नसलेल्या जोडीदारासाठी मात्र 2025 ची वार्षिक मर्यादा 1,90,000 डॉलर होती. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या आपल्या किती घरांत हे माहीत आहे?

वापरला जाणारा फॉर्म बहुधा क्विटक्लेमचा असतो, कारण तो आखूड आणि सोपा दिसतो. त्यात देणारा म्हणतो, माझं यात काही असेल तर ते सोडलं. असेल तर. हमी कसलीच नाही. कॅलिफोर्नियाच्या ग्रँट डीडमध्ये निदान दोन गोष्टी कायद्याने गृहीत धरल्या जातात : देणाऱ्याने हे घर आधी दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही आणि स्वतः त्यावर न सांगितलेला बोजा चढवलेला नाही. घटस्फोटात क्विटक्लेमवर सही करून मोकळ्या झालेल्या बाईला पुढे कळतं की घरावरचं नाव गेलं, कर्जावरचं तसंच राहिलं. हप्ता चुकला तर तिचाही क्रेडिट स्कोअर खाली जातो. डीडने मालकी जाते, कर्जाची जबाबदारी जात नाही. सही करण्याआधी बँकेकडून कर्ज वेगळं करून घ्यायला हवं.

ट्रस्टबद्दल लिहायचं तर वेगळं पत्र होईल, तरी थोडं लिहितेच, कारण इथे आपली शिकलेली, व्यवस्थित माणसंही अडकतात. वकिलाकडे जाऊन लिव्हिंग ट्रस्ट केला (हयातीतच मालमत्ता ज्यात ठेवायची, म्हणजे मागे कोर्टात जावं लागत नाही), सुंदर जाड बाइंडर मिळालं, कपाटात ठेवलं. पण घर ट्रस्टमध्ये जातं ते डीडने. ते डीड झालं का आणि नोंदवलं गेलं का, हे कुणी पाहिलेलं नसतं. दुसरा प्रकार याहून घातक. डीड झालेलं असतं, मग व्याजदर उतरतात म्हणून रीफायनान्स करायला, म्हणजे जुन्या कर्जाच्या जागी नवं घ्यायला, जातात, कर्ज देणारा म्हणतो घर आधी स्वतःच्या नावावर आणा, तसं डीड होतं, कर्ज मिळतं आणि घर परत ट्रस्टमध्ये टाकायचं राहून जातं. काउंटी आठवण करून देत नाही. बँकही देत नाही. ते कळतं माणूस गेल्यावर. 10 लाख डॉलरच्या घराचं कॅलिफोर्नियात प्रोबेट (कोर्टामार्फत वारसांकडे मालमत्ता देणं) करायचं तर कायद्याने ठरवलेली वकिलाची फी 23,000 डॉलरपर्यंत जाते, व्यवस्थापकालाही तितकीच घेता येते, आणि ती घराच्या पूर्ण किमतीवर मोजतात, कर्ज वजा न करता. 1993 च्या हेगस्टॅड खटल्यामुळे, घर ट्रस्टच्या यादीत लिहिलेलं असेल तर कोर्टाला अर्ज करून सुटका होऊ शकते, पण तोही अर्ज, वकील आणि काही महिने. ज्यांनी 2020-21 च्या स्वस्त व्याजाच्या काळात रीफायनान्स केलं, त्यांनी तर हे पत्र वाचून होताच आपलं शेवटचं डीड काढून पाहावं.

ट्रस्टमध्ये टाकलं तर बँक कर्ज एकदम परत मागेल ही भीती मी अनेकदा ऐकली आहे. घरमालक स्वतः लाभार्थी राहत असेल तर 1982 च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्याने राहत्या घराला या बाबतीत संरक्षण आहे. करमूल्यही नव्याने ठरत नाही. कॅलिफोर्नियात डीडसोबत मालकीबदलाचा प्राथमिक अहवाल जोडावा लागतो, न जोडल्यास 20 डॉलर जास्त घेतात, आणि कर किंवा शुल्क का लागू नाही याचं कारण डीडवरच लिहावं लागतं. ज्यांना ट्रस्ट नको आहे त्यांच्यासाठी काही राज्यांत मृत्यूनंतर अमलात येणारं डीड आहे : टेक्ससमध्ये 2015 पासून, कॅलिफोर्नियात 2016 पासून. कॅलिफोर्नियात ते नोटरीपुढे सही झाल्यापासून 60 दिवसांत नोंदवावं लागतं आणि आता दोन साक्षीदारही लागतात. टेक्ससमध्ये ते हयातीतच नोंदवलेलं हवं. कपाटात ठेवलेल्या अशा डीडची किंमत शून्य.

फाइल उघडाल तेव्हा एक गोंधळ हमखास होईल. कॅलिफोर्निया, टेक्सससारख्या राज्यांत ‘डीड ऑफ ट्रस्ट’ नावाचा जाडजूड कागद सापडेल आणि तेच आपलं डीड किंवा तोच आपला ट्रस्ट असं वाटेल. तो बँकेचा तारणाचा कागद आहे. कर्ज फिटल्यावर तो बोजा उतरल्याची नोंद काउंटीत व्हावी लागते, सातबाराच्या इतर हक्कांतून सोसायटीचा बोजा कमी करून घेतो तशीच. कर्ज फेडून दहा वर्षं झाली आणि ती नोंदच नाही, कर्ज देणारी कंपनी दरम्यान दुसरीत विलीन झाली, हेही दिसतं. तेवढं तपासून घ्या.

पुण्या-नाशकाला परतलेल्या सभासदांना डीडवर तिथून सही करायची असेल तर मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत वेळ घेऊन नोटरी करता येते, दर शिक्क्याला 50 डॉलर. स्थानिक नोटरी आणि त्यावर अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालावं म्हणून कागदावर लावलेलं सरकारी प्रमाणपत्र, हा दुसरा मार्ग. भारत 2005 पासून अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. मात्र कागद पाठवण्याआधी काउंटीला आणि टायटल कंपनीला काय चालतं ते लेखी विचारा. मुखत्यारपत्र दिलं असेल तर त्याचीही नोंद त्याच काउंटीत लागते, आणि ते देणारा गेला की मुखत्यारी संपते. बाबा गेल्यानंतर त्यांच्या मुखत्यारपत्रावर केलेली सही कुचकामी.

फसवणुकीबद्दल आटोपशीर लिहिते. घर घेतल्यावर काही दिवसांतच सरकारी वाटेल असं पत्र येतं : तुमच्या डीडची प्रमाणित प्रत मागवा, इतके डॉलर भरा. तीच प्रत काउंटीत काही डॉलरना मिळते. ज्येष्ठ सभासदांना हे आवर्जून सांगा. बनावट सहीचं डीड नोंदवलं गेलं तरी ते रद्दबातलच असतं, शिक्क्याने खोट्याचं खरं होत नाही, पण ते निस्तरायला कोर्ट लागतं. अनेक काउंट्यांत तुमच्या नावाने काही नोंदलं गेलं तर ईमेल येण्याची मोफत सोय आहे. त्या दुपारी सगळ्यांनी आपापल्या फोनवर आपल्या काउंटीत ती सोय आहे का ते पाहून नाव घालून टाकावं. त्यात आईबाबांची घरंही घाला.

आणि जुन्या वस्तीत घर असेल तर डीडमागचे जुने कागदही वाचा. 1920 ते 1940 च्या दशकांतल्या अनेक वसाहतींच्या अटींमध्ये गोऱ्यांखेरीज कुणाला घर विकू नये, राहू देऊ नये असं लिहिलेलं आहे. 1948 मध्ये शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी न्यायालयांनी अमलात आणू नयेत असा निकाल दिला आणि 1968 च्या कायद्याने त्या बेकायदा झाल्या, तरी शब्द कागदावर राहिले. कॅलिफोर्नियाने तर 1913 मध्ये आणि पुन्हा 1920 मध्ये, नागरिक होण्यास अपात्र ठरवलेल्या परदेशीयांना शेतजमीन घेण्यास बंदी केली. 1923 मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरवल्यावर ती बंदी आपल्या लोकांवरही आली. 1946 मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला, आणि तो जमीनकायदा 1952 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. आज त्याच राज्यातल्या काउंटी रेकॉर्डरांवर 2021 च्या कायद्याने असे शब्द शोधून खोडण्याची जबाबदारी आहे, आणि घरमालक स्वतःही तसा अर्ज देऊ शकतो. आपल्याला ज्या वहीत नाव लावायला बंदी होती, तिच्यात आज आपलं नाव आहे. ते नीट लिहिलेलं असावं, असं मला फार वाटतं.

आता कार्यक्रमाचं. आपापल्या राज्यात नोंद कुठे होते तिथपासून सुरुवात करा. टेक्ससमध्ये काउंटी क्लार्क, नॉर्थ कॅरोलायनात रजिस्टर ऑफ डीड्स, कनेक्टिकटमध्ये काउंटी नव्हे तर गावाचा टाउन क्लार्क. बऱ्याच ठिकाणी नावावरून ऑनलाइन शोध घेता येतो. सभासदांनी आधीच प्रत काढून आणावी. त्या राज्यात मालमत्तेचं काम करणाऱ्या वकिलाला बोलवा, आणि शक्य असेल तर काउंटीच्या करनिर्धारक कार्यालयातून कुणाला. विमा किंवा गुंतवणूक विकणाऱ्या माणसाला या एका कार्यक्रमात प्रायोजक करू नका. कोरे फॉर्म अजिबात वाटू नका. त्या दुपारी कुणी कशावर सही करायची नाही, फक्त वाचायचं आणि प्रश्न लिहून घ्यायचे. नवराबायको दोघांनीही यावं. आपल्याकडे अजून कित्येक घरांत हे कागद एकाच माणसाला ठाऊक असतात.

ज्येष्ठांच्या गटांपासून सुरुवात करा. चूक दुरुस्त करणारं डीड करायला मूळ देणाऱ्याची सही लागते, आणि सही करायला माणूस हयात आणि भानावर असावा लागतो. आज जे दोन पानांत आणि किरकोळ शुल्कात होतं, त्यासाठी उद्या पोरांना कोर्टाची पायरी चढावी लागेल.

पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय घ्या. पहिली तारीख ठरवा आणि सभासदांना डीडची प्रत काढायला निदान महिनाभर आधी कळवा. ज्या मंडळाला वाचनाचा क्रम किंवा वकिलाला विचारायच्या प्रश्नांची यादी मराठीत हवी असेल, त्यांना ती मी करून देईन.

आपली,
कॅलिफोर्नियातल्या एका मंडळाची जुनी सभासद